आधी थांबायचं बघू: हलकी गाडी ट्रॅकवर नेण्यापूर्वी

आंबोली घाट उतरून दाणोली दिसायला लागली होती. शेवटच्या वळणांपैकी एका वळणावर भाच्याने ब्रेक दाबला, तर पेडल शेतातल्या चिखलात पाय रुतावा तसं खाली गेलं. दुसऱ्यांदा दाबलं, तरी तेच. मी शेजारी बसलो होतो. त्याने तिसरा गियर काढून दुसरा टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी कशीबशी कडेच्या मातीत उभी केली. पुढच्या चाकांतून जळक्या कागदासारखा वास येत होता. खाली वाकून बघितलं, तर तेल कुठे गळत नव्हतं आणि ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळीही बरोबर होती. आम्ही अर्धा तास तसेच बसलो. मग भाच्याने सहज पेडल दाबून पाहिलं, तर ते पुन्हा टणक लागलं. जणू काही झालंच नव्हतं.

ही गाडी म्हणजे ‘सॅन स्टॉर्म’. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आपल्या शेजारी, गोव्यात तयार झालेली. दोनच आसनं, फायबरग्लासची बॉडी, कापडी छप्पर आणि रेनॉचं ११४९ सीसीचं, साधारण ६० हॉर्सपॉवरचं इंजिन. भाच्याने ती घाटावरून जुनी विकत घेतली आणि आम्ही दोघे तिला घरी आणत होतो. घाटात जे झालं त्यात गाडीचा दोष नव्हता. आधीच्या मालकाने ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं होतं, ते देव जाणे.

भाच्याला ही गाडी घेऊन ‘ट्रॅक डे’ला जायचं आहे. कुडाळला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. हल्ली आठवड्याला एक तरी पोरगा काउंटरवर येऊन हाच शब्द उच्चारतो आणि लगेच विचारतो, “काका, एअर फिल्टर कुठला घालू? सायलेन्सर कुठला?” ब्रेक ऑइलबद्दल अजून एकानेही विचारलेलं नाही. म्हणून हा लेख.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही

शर्यतींसाठी बांधलेला रस्ता एखाद्या दिवसासाठी भाड्याने घेतात आणि हौशी लोक तिथे आपापली गाडी फिरवतात. हा झाला ट्रॅक डे. पंधरा-वीस मिनिटांची एकेक पाळी असते. पहिला-दुसरा नंबर नसतो, करंडक नसतो. पुढे काढायचं ते ठरलेल्या सरळ भागावर, आणि तेही पुढच्याने हात दाखवल्यावर. झेंड्यांची भाषा मात्र पाठ हवी. पिवळा दिसला की जपून, ओव्हरटेक बंद. लाल दिसला की वेग कमी करून आत परत. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे, तिला वाट द्या. काळा तुम्हालाच दाखवला असेल तर आत या, काहीतरी चुकलं आहे.

कोकणात असा ट्रॅक नाही. घाट चढून कोल्हापूरला गेलं तर गो-कार्टिंग करता येतं आणि शिकायला ते उत्तमच. मोठे ट्रॅक दूर आहेत. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा, १९९० सालापासूनचा. कोइमतूरला करी मोटर स्पीडवे. दिल्लीजवळ २०११ मध्ये झालेला बुद्ध सर्किट. कोइमतूरच्या ट्रॅकला ज्यांचं नाव आहे त्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन घालून एकआसनी रेस गाड्या बनवल्या. त्या गाड्यांना ‘फॉर्म्युला मारुती’ म्हणत. पुढे भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झालेला नारायण कार्तिकेयन सुरुवातीला याच गाड्यांत बसला. दळणाला नि बाजाराला जाणारं इंजिन पुरलं, कारण त्याच्याभोवती वजनच नव्हतं.

वजनाचं एवढं काय?

घरच्या गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोंचा. तो सायकलच्या कॅरियरला बांधून बाजारातून घरी आणा. चढावर दम लागतो, उतारावर ब्रेक धरत नाही, वळताना सायकल बाहेर ओढते आणि घरी पोचेस्तोवर मागचं टायर बसलेलं असतं. वजनामुळे गाडीचं याहून वेगळं काही होत नाही. इंजिनाची ताकद वाढवली तर फक्त चढावरचा दम सुधारतो. वजन कमी केलं तर चारही दुखणी एकदम कमी होतात.

१९९६ साली आलेल्या लोटस एलिसचं उदाहरण सगळीकडे देतात, ते याचसाठी. ॲल्युमिनियमचे भाग गोंदाने चिकटवून तिचा सांगाडा केला होता. सांगाडा ६८ किलोंचा आणि अख्खी गाडी सव्वासातशेच्या आसपास. आज आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या मोठ्या एसयूव्हीच्या निम्मीही नाही.

हलक्या गाडीचं वजन आणखी उतरवायला पैसे लागत नाहीत, पाना लागतो. स्टेपनी, जॅक, मागचं कार्पेट, डिकीतली छत्री, आईने ठेवलेला नारळ, सगळं त्या दिवसापुरतं बाहेर. एक कारण वजनाचं आणि दुसरं जास्त महत्त्वाचं. वळणावर पाण्याची बाटली सीटखालून घरंगळत येऊन ब्रेकच्या पेडलमागे अडकली, तर पुढचं सांगायला नको. डॅशबोर्डवरचा गणपती डिंकाने चिकटवलेला असतो. त्यालाही तेवढा एक दिवस देव्हाऱ्यात बसू दे.

एका वळणाला लिटरभर आधण

आता मुद्द्यावर येतो. पळत्या गाडीत जी ऊर्जा असते ती ब्रेक दाबल्यावर कुठे जाते? ब्रेक तिचं उष्णतेत रूपांतर करतात. हात चोळले की गरम होतात तसंच, फक्त इथे चोळायला लोखंड असतं.

ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. त्यामुळे १२० वरून ६० वर येताना वेग निम्मा झाला तरी ऊर्जेचा पाऊण हिस्सा ब्रेकनी पचवलेला असतो. माणसासकट ८०० किलोंची गाडी धरा. १२० वरून ६० वर यायला साधारण ३३० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. एवढ्यात लिटरभर पाण्याला उकळी येते. म्हणजे तुम्ही प्रत्येक मोठ्या वळणाआधी तीन सेकंदांत सहा-सात कप चहाचं आधण आणता. पाण्याच्या जागी चाकामागची डिस्क असते इतकंच.

पाणी उष्णता भरपूर पोटात घेतं. लोखंड तितकं घेत नाही, पटकन तापतं. पुढच्या दोन डिस्क चार-चार किलोंच्या धरल्या आणि सत्तर टक्के काम पुढचे ब्रेक करतात असं मानलं, तर एका दाबात त्या ६० अंशांनी तापतात. पुढच्या सरळ रस्त्यावर वारा लागून थोड्या निवतात, पण लगेच पुढचं वळण येतं. असं दर फेरीला चार वेळा, आणि वीस मिनिटांत दहा फेऱ्या.

मग आंबोलीत काय झालं? घाटाची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास धरली, तर एवढं वजन खाली आणताना सुमारे ४३०० किलोज्यूल जिरवावे लागतात. ट्रॅकवर तेवढी उष्णता तीन-सव्वातीन फेऱ्यांत, सहा-सात मिनिटांत निघते. घाट उतरायला आम्हाला अर्ध्या तासाच्या आसपास लागला होता, आणि त्यातही थोडं काम इंजिनाने केलं होतं. तरी पेडल गेलं. वीस मिनिटांच्या पाळीत काय झालं असतं, हा हिशेब मी भाच्याला वहीत मांडून दाखवला. तो बराच वेळ काही बोलला नाही.

तेल पाणी पितं

पेडल आणि चाक यांच्यात एका नळीतून द्रव असतो. त्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते इंजिन ऑइलसारखं तेल नाही. पेडल दाबलं की हा द्रव तो दाब जसाच्या तसा चाकापाशी पोचवतो, कारण द्रव दबत नाही. रंगपंचमीची पिचकारी आठवा. पूर्ण भरलेली असेल तर दांडा रेटल्याबरोबर पाणी उडतं. आत हवा असेल तर दांडा आधी नुसताच आत जातो, मग चिळकांडी येते.

नवं ब्रेक ऑइल सहज उकळत नाही. डब्यावर डॉट ३, डॉट ४ असं लिहिलेलं असतं. डॉट म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याचं मानक. त्यानुसार नवंकोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत आणि डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये. पण या द्रवाला एक खोड आहे. हवेतली ओल तो शोषून घेतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली मिठाची बरणी जशी घळघळते तसंच, फक्त इथे ते डोळ्यांना दिसत नाही. रबरी नळ्यांतून, डबीच्या झाकणातून पाणी हळूहळू आत शिरतं. ३.७ टक्के पाणी शिरलं की डॉट ३ ची हमी १४० अंशांवर येते आणि डॉट ४ ची १५५ वर.

आता डिस्क तापली की तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे पॅड तापतात, पॅडमागचा पिस्टन तापतो, आणि पिस्टनमागचा द्रव तापून त्यातलं पाणी उकळतं. वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दबते. म्हणजे पिचकारीत हवा शिरली. पाय खाली जातो आणि चाकाला कळतच नाही. अर्ध्या तासाने सगळं निवलं की वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल टणक. म्हणूनच हा दोष गॅरेजमध्ये सापडत नाही. गाडी तिथे पोचते तेव्हा ती थंड आणि शहाणी झालेली असते.

कंपन्या साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला म्हणतात. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, अशा हवेत मी दर वर्षी बदला म्हणतो. ट्रॅकवर जायचं असेल तर जायच्या आठवड्यातच. डॉट ४ घाला, मिळालं तर डॉट ५.१, ज्याची नवेपणीची हमी २६० अंशांची आहे. नुसतं ‘डॉट ५’ लिहिलेलं मात्र घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं आणि आधीच्या द्रवात मिसळत नाही. एकदा सील तोडलेला डबा पुढच्या वेळेसाठी ठेवू नका. माझ्या दुकानात काही गिऱ्हाइकं “अर्धाच द्या, अर्धा पुढच्या खेपेला नेतो” म्हणतात. मी देत नाही, मग ती चिडतात.

आमच्या गाडीचं ब्रेक ऑइल मेस्त्रींनी बदललं. चाळीस वर्षं पाना धरलेला माणूस. गाडी पाहिल्यावर भाचा तिचं कौतुक सांगत सुटला होता. ते शांतपणे म्हणाले, “धावतली ती धावतली रे, पण थांबतली मा?” ब्रेकच्या निपलवर, म्हणजे जुना द्रव बाहेर काढायच्या चाकापाशच्या छोट्या तोटीवर, त्यांनी आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. खाऱ्या हवेत त्या निपल इतक्या घट्ट बसतात की जोर लावला तर मोडतातच. सकाळी भाचा सीटवर बसला आणि मेस्त्री चाकापाशी. निपलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत. “दाब… धर… सोड.” पहिल्यांदा आलं ते कोऱ्या चहाच्या रंगाचं, जवळजवळ काळं. मग दोन बुडबुडे, मग पुन्हा काळं. “दाब… धर…” असं बराच वेळ चाललं आणि हळूहळू नळीत मधासारखा स्वच्छ रंग आला. मेस्त्रींनी बाटली उन्हात धरली आणि भाच्याला दाखवली. “ह्या बघ. ह्याच्यार तू घाट उतरलंस.”

पॅड: थंडपणी रुसणारे

ऑइल शाबूत असेल, पेडल टणक असेल आणि तरी गाडी थांबत नसेल, तर ते पॅडचं दुखणं. प्रत्येक पॅड ठरावीक तापमानापर्यंतच धरतो. त्यापुढे तो वायू सोडतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि नुसता घसरतो. यावर ट्रॅकसाठीचे वेगळे पॅड मिळतात. त्यांची गंमत उलटी असते. तापल्यावर ते मस्त धरतात, पण थंड असताना नीट धरतच नाहीत. सकाळी कॉलेजच्या कोपऱ्यावर समोर म्हैस आली तर ते उपयोगाचे नाहीत. पहिल्या-दुसऱ्या खेपेला हौशी माणसाने चांगल्या दर्जाचे, भरपूर जाडी असलेले रस्त्यावरचेच पॅड घालावेत आणि दर पाळीत शेवटची फेरी ब्रेक न दाबता, गाडी निववत काढावी.

पाळी संपवून गाडी उभी केली की सवयीने हात हँडब्रेककडे जातो. जाऊ देऊ नका. तापलेले ब्रेक तसेच आवळून ठेवले तर एकाच जागी उष्णता कोंडते. गियरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा. आपला ट्रकवाला हे कधीपासून करतो आहे.

पंजाएवढी जागा

गाडी रस्त्याला टेकते ती चार ठिकाणी, प्रत्येकी जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर. ब्रेक कितीही भारी असोत, शेवटी जे थांबायचं ते त्या चार तळहातांवर. म्हणून दुसरा खर्च टायरचा. आधी वय बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शिल्लक दिसते म्हणून टायर चांगला असं नाही. अंगणात उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर आतून कडक होतं आणि बाजूला बारीक भेगा पडतात. असा टायर बाजाराला चालेल, ट्रॅकवर नको.

हवेबद्दल मोठा घोळ असतो. सकाळी थंड टायरमध्ये ३० पीएसआय भरली आणि पळून टायर आतून ८० अंशांपर्यंत तापला, तर आतली हवा फुगून आकडा ३७ च्या पुढे जातो. हलक्या गाडीचं टायर मग फुगलेल्या पुरीसारखं फक्त मधल्या पट्ट्यावर टेकतं. म्हणून थोड्या कमी हवेने सुरुवात करतात, पाळी संपल्याबरोबर मोजतात आणि गरमपणी जो आकडा हवा त्यावर आणतात. घरी परतताना पुन्हा मूळची हवा भरायला विसरू नका.

आणि चपलेचं उदाहरण. काही जणांची चप्पल बाहेरच्या कडेने झिजते, कारण पाय तिकडे कलतो. वळणावर गाडीही बाहेर कलते आणि टायरची बाहेरची कड खाल्ली जाते. यावर उपाय म्हणजे चाकं वरच्या बाजूला किंचित आत झुकवून बसवतात, एखाद-दोन अंश. याला कॅम्बर म्हणतात. वळणात गाडी कलली की मग चाक सपाट टेकतं. पण त्याआधी बुश (सांध्यांतलं रबर), बॉल जॉइंट (चाकाचे फिरते सांधे) आणि शॉकअप धड आहेत का ते बघा. ढिल्या बुशवर अलाइनमेंट करणं म्हणजे डुगडुगत्या स्टुलाखाली रोज नवा कागद सारणं.

एसटीतली कळशी

एसटीत उभं राहून प्रवास केलेल्याला वजन सरकणं म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. ब्रेक लागला की सगळे पुढे, वळण आलं की सगळे एका कुशीवर. गाडीचं वजनही तसंच पुढच्या, बाहेरच्या चाकांवर जातं आणि मागची चाकं हलकी होतात. वळणाच्या मधोमध घाबरून ब्रेक दाबला किंवा ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागची बाजू सुटून गाडी गिरकी घेते, त्याचं कारण हेच. ब्रेक सरळ असताना संपवायचा, मग वळायचं. पार्टने हे सुधारत नाही, पायाने सुधारतं.

आता त्याच एसटीत कोणाच्या पायापाशी अर्धी भरलेली कळशी आहे. लांब वळणावर पाणी एका बाजूला चढतं आणि दुसरीकडे तळ दिसतो. इंजिनाखालच्या सम्पमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्यात, ऑइल असंच चढतं. ऑइल ओढणारी नळी जर तळ दिसलेल्या बाजूला असेल, तर क्षणभर ती हवा ओढते. बेअरिंगला तेवढा क्षण पुरतो, ती धातूवर धातू घासून जातात. खर्चाचा मोठा फटका इथे बसतो आणि तो टाळायला लागतं ते फक्त डिपस्टिक बघणं. ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा, त्याहून जास्तही नको. रोजच्या गाडीत खुणांच्या मध्ये असलं तरी चालतं, ट्रॅकवर नाही. पुढे वेग वाढला की सम्पमध्ये आडव्या पट्ट्या बसवतात, पाणी डचमळू नये म्हणून कळशीत करवंटी टाकतात तशा.

कूलंटचं थोडक्यात. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं झाकण. आत दाब राहतो म्हणून द्रव १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपासपर्यंत टिकतो. झाकणाचं रबर गेलं की शिट्टी नसलेला कुकर झाला. नवं झाकण स्वस्त आहे. रेडिएटरच्या जाळीत आपली लाल माती घट्ट बसलेली असते, ती आतून बाहेर पाण्याने धुवा. जोराच्या फवाऱ्याने नको, पत्रे वाकतात.

फायबरग्लास गंजत नाही, पण लपवतं

कोकणात जुनी गाडी घेणाऱ्याने हा भाग दोनदा वाचावा. आमची गाडी वरून सुंदर होती. कुठे फोड नाही, भोक नाही. असणार कसं? फायबरग्लास गंजतच नाही. पण चाकं, शॉकअप, ब्रेकच्या नळ्या, सीटबेल्टचे बोल्ट ज्या लोखंडाला धरून आहेत त्याला खारा वारा सोडत नाही. मेस्त्रींनी गाडी वर घेतली आणि जुना स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक जोड टोकरत गेले. टण, टण, टण, आणि एका ठिकाणी खच्. मागच्या शॉकअपच्या बैठकीपाशी पापुद्रे निघाले. हाताने खरवडल्यावर नानकटाईसारखा चुरा पडला. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडायला आठ दिवस गेले. भाच्याला ते आठ दिवस फुकट गेल्यासारखे वाटले. मला मात्र रात्री झोप लागली.

टोचून बघायच्या जागा: शॉकअपच्या बैठका, सीटबेल्टचे बोल्ट, सीटखालचा पत्रा, लोखंडी ब्रेक नळ्यांच्या क्लिपा जिथे असतात तो भाग, आणि गाडी ओढायचा हुक. हुक तुटला तर ट्रॅकवरून तुम्हाला ओढून काढायचं कशाने?

उघडी गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. गाडी उलटली तर डोक्यावर काय आहे? कापड. त्यामुळे सीटमागे पक्क्या लोखंडी कमानीशिवाय उघड्या गाडीला अनेक ट्रॅक डेवाले आत घेत नाहीत, आधी विचारून घ्या. हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारं हवं. बाइकचं आणि कारचं हेल्मेट वेगळं असतं. कारच्या हेल्मेटचं अस्तर आगीला तोंड देणारं असतं आणि लोखंडी कमानीवर डोकं आपटण्याचा विचार त्यात केलेला असतो. अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, नायलॉन नको. मूळचा तीन टोकांचा सीटबेल्ट चांगला असेल तर तोच ठेवा. रेसिंगचा चार टोकांचा पट्टा साध्या सीटवर बांधला तर माणूस धडकेत पट्ट्याखालून सरकू शकतो.

“पण काका, आधी पॉवर वाढवली तर?”

हा प्रश्न मला वाटला तितका मूर्खपणाचा नाही. ६० हॉर्सपॉवर ऐकायला कमीच वाटते. पण ताकद वाढली की सरळ रस्त्याच्या टोकाला वेग वाढतो, आणि वर हिशेब केला ती ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १२० च्या जागी १४० झाले तर ६० वर येताना ब्रेकला जवळजवळ दीडपट काम पडतं. म्हणजे आधी ब्रेक, टायर, कूलंट दीडपट चांगलं करा, मग इंजिन. तोवर तुमचाही पाय सुधारलेला असेल आणि इंजिनाची गरज कदाचित वाटणार नाही.

शिवाय कायदा आहे. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत उत्पादकाने दिलेल्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल मनमानी करता येत नाहीत. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच उचलून धरलं. पॅड, ऑइल, टायरची हवा, अलाइनमेंट ही देखभाल झाली. इंजिन बदलणं, सांगाड्याला हात घालणं ही वेगळी गोष्ट, आणि ती गाडी घेऊन रस्त्यावरूनच ट्रॅकवर जायचं असतं हे विसरू नका.

“विमा आहे की आपला”

पॉलिसी काढून बघा. वापराच्या मर्यादांमध्ये आयोजित शर्यत, वेगाची चाचणी वगैरे वगळल्याचं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ट्रॅकवर गाडी भिंतीला लागली तर भरपाई तुमच्या खिशातून, असं धरूनच जा. ज्या गाडीचं पूर्ण नुकसान झालं तरी घर चालेल, तीच न्यावी. भाच्याची गाडी स्वस्त आहे, यात मला म्हणूनच बरं वाटतं.

“मग चौपदरी मोकळीच आहे ना?”

मुंबई-गोवा महामार्गाचं काँक्रीट झालं तशी ही हौस वाढली. रात्री दहानंतर त्या रस्त्यावर काय चालतं ते मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलं आहे. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कायदा सोडा. ट्रॅकवर चुकलं तर समोर वाळू, गवत, टायरची भिंत असते. हायवेवर चुकलं तर कणकवलीहून दशावताराचा खेळ आटपून घरी निघालेला, मागचा दिवा नसलेला स्कूटरवाला असतो. तुमचे ब्रेक किती तापलेत याची त्याला कल्पना नसते.

आणि हे श्रीमंतांचे चोचले म्हणाल, तर भाच्याच्या यादीत आतापर्यंत ब्रेक ऑइल, पॅड, दोन रबरी नळ्या, रेडिएटरचं झाकण, जोडलेला पत्रा आणि चार टायर आहेत. पैकी टायरच महाग. उरलेला सगळा खर्च एका चकचकीत सायलेन्सरपेक्षा कमी झाला. बाहेरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, आणि पोरांची खरी अडचण तीच आहे.

गेल्या रविवारी मेस्त्रींना शेजारी बसवून भाचा आंबोलीला गेला आणि तसाच खाली आला. मी मागून स्कूटरवर. गियर मुद्दाम वरचाच ठेवायचा आणि सगळा भार ब्रेकवर टाकायचा असं मेस्त्रींनी सांगितलं होतं, परीक्षाच घ्यायची तर नीट घेऊ म्हणून. दाणोलीला गाडी उभी राहिली, तेव्हा डिस्कमधून धग येत होती, पण पेडल वरच होतं. भाच्याचा हात हँडब्रेककडे गेला. मेस्त्रींनी त्याच्या मनगटावर चापट मारली आणि स्वतः उतरून चाकाला दगड लावला. मग आम्ही चहा प्यायलो. निवल्यावर पेडल पुन्हा दाबून पाहिलं. तसंच.

“आता जा खंय जावचा आसा थंय,” मेस्त्री म्हणाले.

भाचा एकदम खुलला. “मग आता इंजिनाचं बघूया का?”

मेस्त्रींनी पोऱ्याला हाक मारून आणखी एक प्लेट भजी सांगितली.